आपण ठरवलंय

प्रसन्नने जेवणाच्या टेबलावरचा इलाचा चार्ट खुर्चीवर भिरकावला आणि तिथे लॅपटॉप उघडला. चार्टवर उंच टाचांचे बूट घातलेला फ्रान्सचा राजा होता. नाव प्रसन्न, पण सकाळपासून माणूस नुसता धुमसत होता.

"आपण कॉम्प्युटर सायन्स घेतोय. हिस्टरीच्या कॉलेजला आत्ताच नकार कळवून टाकू. आपण ठरवलंय."

"हू डिसायडेड? मला कोणी विचारलं?" सतरा वर्षांची इला इथेच, अमेरिकेत, मॉरिसव्हिलला जन्मलेली.

"मेलेल्या राजांची धुणी धुणार आहेस का जन्मभर?"

इलाने चार्ट उचलून छातीशी धरला. "ह्या किंगच्या फॅमिलीनं एकशे पंचाहत्तर वर्षं सभाच बोलावली नाही. कोणाला काही विचारलंच नाही. ॲब्सोल्यूट मोनार्की. आम्ही घरात पण तेच करतो."

"आम्ही नाही, आपण!" प्रसन्न खेकसला. हे रोजचंच होतं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे पोरीचं इथे हमखास चुकायचं. "शंभरदा सांगितलंय. आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर. आपण म्हटलं की तोही त्यात आला."

ओट्याशी उभी असलेली त्याची बायको, नीलांबरी, हे ऐकत होती. आपण पुण्यातली नोकरी सोडतोय, हे तिला असंच कळलं होतं. नोकरी तिची होती. आपण यंदा भारतात जात नाही, हेही असंच. त्याच वर्षी तिचे वडील गेले. मेला तो शब्द! वीस वर्षं त्यात ती होती म्हणे.

प्रसन्नने इलाचा पासवर्ड टाकला. तो त्यानेच ठरवलेला होता. पडद्यावर कोड मागितला गेला आणि ओट्यावर नीलांबरीचा फोन थरथरला. अर्ज भरताना घाईत नंबर तिचा दिला गेला होता.

"नीलू, कोड सांग."

तिने हात पुसले, फोन उचलला आणि सहा आकडे नीट वाचले.

"डोन्ट, आई. प्लीज," इला पुटपुटली.

"नीलू! एक्स्पायर होईल तो. काय आलंय?"

नीलांबरीने फोन ओट्यावर पालथा ठेवला. वर हात दाबून धरला.

"कोड मिळायचा नाही. इला हिस्टरी घेतेय. आम्ही ठरवलंय."

"आपण," प्रसन्नच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "आता तूही चुकायला लागलीस?"

"नाही," ती म्हणाली. "मला मराठी नीट येतं."