नख्त-आ राजाची नवी नावं

इपका राजाचा ललकारीवाला होता. उत्सवात अंगातलं बळ दाखवण्यासाठी राजा मैदानात धावायला निघाला, की त्याची सगळी नावं खणखणीत आवाजात पुकारायची, हे त्याचं काम. आणि नेमका उत्सवाच्याच सकाळी त्याचा घसा बसला. तोंडातून नुसती हवा निघायला लागली.

"प्या अजून गार बिअर!" त्याची बायको शेपसेत म्हणाली. पण त्याचं रडवेलं तोंड बघून तिला हसू फुटलं. "असं करू. तुम्ही नुसतं तोंड हलवा, मागून ओरडते मी."

नावं तिला पाठच होती. ती पीठ मळायची तेव्हा तो शेजारी बसून घोकत असायचा.

पांढऱ्या तटाआडच्या मैदानात इपका चौथऱ्यावर चढला. त्याच्या मागे, बोरूच्या चटईआड शेपसेत लपली. रिवाजाप्रमाणे कमरेला बैलाची शेपटी बांधून राजा धावू लागला.

"होरस नख्त-आ! बळकट बाहूंचा ससाणा!"

इपकाने जबडा फाकला. लोक चकित झाले. काय आवाज लागलाय आज!

"गिधाडदेवी नि नागदेवी, दोघींचा लाडका! लव्हाळ्याचा नि मधमाशीचा, दोन्ही मुलखांचा धनी!"

नावं संपली. राजा मात्र अंगानं भरलेला, अजून निम्म्या वाटेवरच धापा टाकत होता. आता गप्प कसं राहायचं? शिवाय शेपसेतला भलताच चेव चढला होता.

"नदीच्या पुराला कान धरून आणणारा! पाणघोड्यांना पळता भुई थोडी करणारा!"

तेवढ्यात वारा आला आणि चटई उडाली. पुढे आ वासलेला इपका, मागे कमरेवर हात ठेवून ओरडणारी त्याची बायको. सगळं मैदान खो खो हसायला लागलं.

राजा थांबला. राजवाड्याचा कारभारी धावत आला. "महाराज, असली नावं कुठंच लिहिलेली नाहीत!"

 शेपसेतचं हसू काही केल्या थांबेना.

राजाने कपाळाचा घाम पुसला. "पुराला काय करून आणतो म्हणालीस?"

"कान धरून, महाराज."

"झकास! आता आहे हे नाव. माझंच आहे ना?" राजा कारभाऱ्याला म्हणाला आणि पुन्हा धावत सुटला. "चल गं, म्हण पुढं!"

तिला सुचेनासं झालं तेव्हा लोक मदतीला धावले. "मांगूर माशांचा मामा!" कोळी ओरडले. "कांद्याच्या वाफ्यांचा वळू!" कुणी बाई किंचाळली. शेपसेत हसता हसता एकेक नाव उचलून आभाळात भिरकावत होती. इपका नाचत होता. शेवटी राजा पोट धरून धावेची हद्द दाखवणाऱ्या दगडावर बसला.

"पुरे! हसून मरेन मी."

सगळे दमून शांत झाले. तेव्हा कारभारी खाकरला आणि खाली बघत हळूच पुटपुटला, "चांदण्यांचा... चांदण्यांचा गुराखी."

"मोठ्यानं!" शेपसेत ओरडली.