सीटखालची घरघर

मी एक जुना नट आहे. बंद मुठीएवढा, सहा कोपऱ्यांचा आणि स्वभावाने उलटा. हो, उलटाच! इतर नट डावीकडे फिरवले की सुटतात. मला डावीकडे फिरवले की मी आणखी आवळला जातो. कारखान्यात माझे आटे मुद्दामच तसे पाडले होते. इंजिनाचा पंखा माझ्या आधाराने बसतो, आणि त्याच्या फिरण्याने मी सैल होऊन चालत नाही.

मित्रांनो, माझी गाडी मुलांना शाळेत सोडायची. या गाडीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. वर फक्त पत्र्याचे झाकण आणि त्यावर गादी. चालकाची मुलगी रोज त्याच गादीवर बसायची. खालून ऊब लागते म्हणून ती जागा ती कोणाला देत नसे. तिच्या बुटांच्या टाचा झाकणावर टकटक वाजायच्या आणि त्याच्या खाली, वीतभर अंतरावर, पंखा गरगरत असायचा. गाडी कधी तापत नसे. चालक सगळ्यांना सांगायचा, "आपलं इंजिन म्हणजे एकदम थंड डोक्याचं!" मला ते ऐकायला फार आवडायचे.

मग एका उन्हाळ्यात पंख्याच्या क्लचच्या बेअरिंगला घरघर लागली. हा क्लच म्हणजे पंख्याच्या मधोमध असलेला डबा, आणि तो काढायचा तर आधी मला सोडवावे लागते. चालकाच्या थोरल्या बहिणीचे गॅरेज जवळच होते. पण ताईला विचारायचे म्हणजे कमीपणा ना! चालक स्वतःच पाना घेऊन बसला. डावीकडे ओढला, मी आवळलो. पान्यावर पाइप चढवून लोंबकळला, मी आणखी आवळलो. मग हातोडाच घातला. हात दाखवून अवलक्षण, दुसरे काय! माझे कोपरे झिजले, आटे रुतून बसले. शेवटी घाम पुसत तो म्हणाला, "जाऊ दे, चालतंय की!" झाकण लावले आणि रेडिओ मोठा केला.

चालत होते खरे. पण पंखा डोलू लागला होता. एका पात्याच्या मुळाशी केसाएवढी चीर पडली आणि ती रोज थोडी पुढे सरकू लागली. वर टाचा टकटक वाजतच होत्या. पूर्वी मला तो आवाज गोड वाटायचा. आता त्याची भीती वाटू लागली; पाते तुटले, तर ते पत्रा फोडून वरच उडणार होते. मला घट्ट धरून ठेवता येते, ओरडता येत नाही.

एका रविवारी दुपारी चालक मुलीला घेऊन ताईकडे सहज भेटायला आला. गाडी गॅरेजच्या दारात थांबली आणि ताई हातातले काम टाकून धावत आली.

"बंद कर आधी! हा आवाज कधीपासून आहे?"

"आत्ता आत्ताच सुरू झालाय गं."

"हा पंखा उतरल्याशिवाय उद्या पोरं बसणार नाहीत हं यात."

तिने गादी उचलून बाजूला ठेवली, झाकण काढले. पंखा फिरू नये म्हणून त्याच्यामागचे चाक, म्हणजे पुली, पट्ट्याने धरायला भावाला लावले आणि पाना उजवीकडे दाबला. तिला माझा स्वभाव ठाऊक होता. मलाही सुटायचे होते, पण सुटता येईना. तेल सोडले, आच दिली, तिच्या नाकी नऊ आले.

"याला आधी कोणी हात लावला होता का रे?"

"छे! कोण लावणार?"

"मग याचे आटे सरळ असतील. डावीकडे ओढून बघते."

डावीकडे अजून एक हिसका बसता, तर मी कायमचा रुतलो असतो.

"राहू दे ना ताई," भाऊ म्हणाला. "उद्याचा दिवस ढकलतो, परवा बघू."

पाना लावताना तिचे बोट माझ्या कोपऱ्यावर थांबले. तिने बॅटरीचा उजेड टाकून पाहिले.

"हे कोपरे एकाच बाजूने खाल्लेत. कोणीतरी डावीकडे ओढलाय याला. खरं सांग."

बाजूला ठेवलेल्या गादीवर मुलगी वेणीची रिबन बांधत बसली होती. ताईने तिच्याकडे पाहिले.

"ही कुठे बसते रे?"

"इथंच," तो हळूच म्हणाला. मग त्याला राहवेना. "मीच ओढला होता ताई. हातोडापण घातला."

ताईने मला पुन्हा तापवले, पाना उजवीकडे लावला आणि त्यावर घाव घातला. एक, दोन, आणि तिसऱ्याला मी किंचाळून सुटलो.

पंखा बाहेर आला. ताईने त्या पात्यावर अंगठा दाबला, तर पाते मोडून तिच्या हातातच आले.

भावाने ते पाते हातात घेऊन पाहिले. "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," तो पुटपुटला.

"वेळ उद्या सकाळची होती," ताई म्हणाली.

नव्या क्लचबरोबर नवा नट आला. मी आता गॅरेजच्या खिडकीत एका डब्यात पडून असतो. खिडकीतून रस्ता दिसतो. रोज सकाळी शाळेची दुसरी एक गाडी इथून जाते आणि तिच्या सीटखालून अगदी तीच घरघर येते. ताई हात करत मागे धावते. तो चालक हसून हात हलवतो आणि रेडिओ मोठा करतो.

त्या गाडीत पुढच्या गादीवर कोण बसते, ते मला इथून दिसत नाही. मित्रांनो, ते तुम्ही तर नाही ना? असाल, तर उद्या चढण्याआधी विचारा, "काका, हा आवाज कधीपासून आहे?" आणि ते "परवा बघू" म्हणाले, तर त्या गाडीत चढू नका.