आयता घ्यायचा की घरी जोडायचा

माझी बायको स्मरांदा लग्नांचे व्हिडिओ करते. आमच्या रोमानियातल्या बाकाऊ शहरात लग्नात लोक उजाडेपर्यंत नाचतात. ते सगळं कापून दोन तासांत बसवणं हे तिचं काम. पण तिचा जुना कॉम्प्युटर इतका थकला होता, की गेल्या उन्हाळ्यात एका जोडप्याचा व्हिडिओ तयार व्हायच्या आत त्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा उरकला. स्मरांदाने दोन्ही सोहळे एकाच पेनड्राइव्हवर देऊन टाकले.

नवीन घ्यायचं ठरलं. हाताशी होते चार हजार लेई. मी म्हणालो, "दुकानातून आयता आणू. वायर लावली की सुरू."

"आणि आत काय भरलंय ते कोण बघणार?" स्मरांदा म्हणाली. "मी स्वतः जोडणार."

"जावईबापू बरोबर बोलतायत," सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. आमच्याकडे राहायला आल्यापासून सात वर्षांत त्यांनी माझी बाजू घेतल्याची ही पहिलीच वेळ. "बाईमाणसाने घरी कॉम्प्युटर जोडायचा? उद्या घरी लिफ्ट करशील!"

तरी माझ्या समाधानासाठी स्मरांदा दुकानात आली. तिथे एक लाल-निळे दिवे लागलेलं खोकं होतं. मला एकदम पसंत पडलं.

"यात रॅम किती आहे?" स्मरांदाने विचारलं.

"भरपूर," दुकानदार म्हणाला.

"पॉवर सप्लाय कोणता?"

"चांगला."

"अहो, पण आत नक्की आहे तरी काय?"

दुकानदाराने जरा विचार केला. "मॅडम, आत कॉम्प्युटर आहे."

स्मरांदाने माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं. विषय संपला.

मग डिसेंबरभर आमच्याकडे खोकी येत राहिली. आम्ही घरी नसलो की कुरियरवाला ती वरच्या वेतुरियाबाईंकडे ठेवायचा, आणि त्या प्रत्येक खोकं कानाशी हलवून बघायच्या. ग्राफिक्स कार्ड एका दंतवैद्याकडून जुनं घेतलं होतं. खोकं उघडलं आणि लवंगेच्या तेलाचा असा भपकारा आला, की सासूबाईंनी गाल धरला. "माझी दाढ दुखायला लागली," त्या म्हणाल्या आणि दुपारभर मक्याच्या मऊ लापशीवर, पोळेंतावरच राहिल्या.

चार जानेवारीला सकाळी जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. मी टॉर्च धरायला होतो. तेवढंसुद्धा मला नीट जमलं नाही.

"कॉर्नेल, उजेड मदरबोर्डवर पाड. माझ्या डोळ्यांत नको."

"मदरबोर्ड कोणता?"

"जो टेबलावर सगळ्यात मोठा आहे आणि प्रश्न विचारत नाही, तो!"

अकरा वाजता शेवटची वायर बसली, तिने मागचा खटका चालू केला. तेवढ्यात सासूबाईंनी स्वयंपाकघरात सारमाले वाढले. कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा गार करून खाणं आमच्या घरात पाप आहे, म्हणून आधी जेवलो. जेवून आलो. स्मरांदाने हात पुसले, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पंख्याचं पातंसुद्धा हललं नाही.

स्मरांदाने रॅम काढून परत बसवली. मी टेबलावरून तीन स्क्रू उचलून विचारलं, "हे उरलेत, चालतील?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते गुपचूप खिशात टाकले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "दुकानातला घेतला असता तर…" एवढंच ती बोलली, आणि मला वाईट वाटलं. मला आयताच हवा होता, पण असं जिंकायचं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात आमचे फादर इलारिओन. एपिफनीच्या, म्हणजे सहा जानेवारीच्या सणाच्या आधी ते दरवर्षी घरं पवित्र करत फिरतात. एका हातात क्रूस, दुसऱ्या हातात पवित्र पाण्याची किटली आणि सब्जाची ओली जुडी. दार उघडताच त्यांनी गायला सुरुवात केली आणि जुडी बुडवून थेट टेबलाच्या दिशेने झटकली.

"फादर, नको!" असं ओरडत मी उघड्या कॉम्प्युटरवर आडवा पडलो. सगळा आशीर्वाद माझ्या पाठीवर आणि त्याच्या जरा खाली पडला.

फादर गायचे थांबले. "कुणी आजारी आहे का?"

"कॉम्प्युटर, फादर," मी पालथ्यापालथ्या म्हणालो. "नवीन जोडलाय, उठत नाही."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "घरी जोडला? सरका, सरका!" क्रूस सासूबाईंच्या हातात देऊन, झगा सावरत ते टेबलामागे शिरले. "चर्चचा मीच जोडलाय. पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं… अरे, मागचा खटकाच बंद आहे!"

"शक्यच नाही!" स्मरांदा म्हणाली. "मी स्वतःच्या हाताने चालू केला होता!"

सासूबाई क्रूस फारच लक्षपूर्वक पुसू लागल्या.

"आई?"

"मग काय, आपण जेवत असताना तो रिकामा चालू ठेवायचा? वीज काय फुकट आहे?"

फादरनी खटका वर केला, स्मरांदाने बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. ती फादरच्या गळ्यातच पडणार होती; ऐन वेळी त्यांच्या हाताचं चुंबन घेऊन भागवलं.

पण फादर निघेनात. त्यांना वायरींचा गुंता बघवेना. स्क्रूड्रायव्हर मागून ते पाऊण तास कामाला लागले. वरच्या मजल्यांवर लोक त्यांची वाट बघत पेटत्या मेणबत्त्या घेऊन दारात उभे होते. शेवटी वेतुरियाबाई चांगला कोट घालून, मेणाने बरबटलेल्या बोटांनी खाली आल्या.

"फादर, मी दुसरी मेणबत्ती लावलीय! आमच्याकडे देव यायचाय की नाही?"

"येतोय, येतोय," टेबलामागून आवाज आला. "एवढी एक वायर!"

ते वर गेल्यावर स्मरांदाने अडकलेलं एक लग्न नव्या कॉम्प्युटरवर घातलं आणि सवयीने विणकाम घेऊन बसली. पूर्वी तेवढ्या वेळात तिचा अख्खा मोजा व्हायचा. दोन ओळी झाल्या, तर व्हिडिओ तयार.

ती गोंधळून बघत राहिली. "झालं? मग आता मी दिवसभर करू काय?"

"फिरायला जाऊ," मी म्हणालो. लग्नाच्या सीझनच्या धांदलीत आम्ही दोघं असे कित्येक महिन्यांत बाहेर पडलो नव्हतो. नदीवर गेलो, गरम कोव्रिगी, म्हणजे आमच्याकडचे कड्यासारखे गोल पाव, खाल्ले, आणि तिने मला रॅम म्हणजे काय ते पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मला या वेळीही कळलं नाही, पण मी मधे एकही प्रश्न विचारला नाही.