रुद्रप्पाच्या डोळ्यांवरचं धुकं

मंगळवार पेठेत रुद्रप्पा बिराजदारचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे पुढं एक खोली, मागं राहायची जागा आणि मधल्या बोळात पडदे लावून केलेली डार्करूम. त्याचा कॅमेरा दोन भिंगांचा होता, होटगीच्या एका रिटायर रेल्वे गार्डाकडून घेतलेला. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्या भिंगातून फोटो निघायचा. जुना होता, पण रुद्रप्पाचा त्याच्यावर जीव होता.

पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात रुद्रप्पा सायकलवरून पडला आणि पाय मोडून बसला. अडीच महिने प्लॅस्टर. तेवढे दिवस कॅमेरा चामड्याच्या पेटीत, पेटी लोखंडी ट्रंकेत आणि ट्रंक ओल आलेल्या भिंतीला टेकलेली. दसऱ्याला त्यानं कॅमेरा काढून पुजला आणि कामाला लागला.

पहिलंच काम कुंभारी गावच्या शाळेचं. वाकून कॅमेऱ्यात बघितलं तर पोरं धुरकट. डोळे चोळून बघितलं, तरी तेच. अंदाजानं फोटो काढले. धुऊन बघतो तर पांढऱ्या सदऱ्यांभोवती दुधाळ उजेड सांडलेला आणि चेहऱ्यांवर साय धरल्यासारखी.

"रुद्रप्पा, अख्ख्या सातवीवर धुकं उतरलंय की," हेडमास्तर हसत म्हणाले.

रुद्रप्पाला हसू आलं नाही. घरी येऊन त्यानं मलमलीच्या फडक्यानं दोन्ही भिंगं चारचारदा पुसली. बाहेरून ती लख्ख होती. मग राहिलं काय? आपल्याच डोळ्यांना फोकस कळला नाही म्हणून फोटोही बिघडले, असं त्याला वाटलं. त्याचे वडील, धुळाप्पा, पन्नाशीच्या आत आंधळे झाले होते. त्यांनाही आधी असंच धुरकट दिसायला लागलं होतं. काचबिंदू, आता उशीर झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रुद्रप्पाला चव्वेचाळिसावं चालू होतं, आणि हल्ली पेपरसुद्धा हात लांब केल्याशिवाय वाचता येत नव्हता. त्यानं मनाशीच काय ते ठरवून टाकलं.

बायकोला, दाक्षायणीला, त्यानं अवाक्षर सांगितलं नाही. एक डोळा झाकून समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचायचा, मग दुसरा झाकून; वाचता आल्या तरी त्या पाठच आहेत, असं मनाशी म्हणायचा. ती बाजारात गेली की डोळे मिटून दारापासून न्हाणीपर्यंत पावलं मोजत जायचा. पुढं उपयोगी पडेल म्हणून. लग्नाची कामं आली की "पाय दुखतोय" म्हणून परतवायचा. दोन महिन्यांत हा गडी निम्मा झाला.

मग एके दिवशी दुपारी दाक्षायणी पोस्टकार्ड हातात घेऊन पुढच्या खोलीत आली. अक्कलकोटहून तिच्या भावाचं, अण्णारावचं, कार्ड होतं.

"अवो, हे काय? अण्णाराव लिव्हतोय, तुमी इचारलंय तर गिरणीवर बसायला खुशाल या म्हणून. पिठाच्या गिरणीवर तुमी बसणार? आन् ह्यो स्टुडिओ?"

रुद्रप्पा फडकं घेऊन स्टूल पुसायला लागला.

"तोंडानं बोला की! कुणी काय बोललं का तुमास्नी?"

"कुणी न्हाय," तो म्हणाला. "माझं डोळं चाललं, दाक्षायणी. बापाचं गेलं तसंच."

तिनं कार्ड खाली ठेवलं. त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं आणि एकेक डोळा निरखून बघितला. "मला तर काय दिसत न्हाय."

"वरनं दिसत नसतंय ते." त्यानं कपाटातून कॅमेरा काढला, स्टुलावर ठेवला आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाकडं रोखला. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण त्यानं तिला कधी कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता. "ह्यात बघ. तुला पान नि पान दिसंल. मला निस्ता धूर दिसतोय."

दाक्षायणीनं पदर आवरला, वाकून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"अवो," ती म्हणाली, "मलाबी धूरच दिसतोय."

"नीट बघ."

"नीटच बघतीया. झाड ताकात बुडवल्यावानी दिसतंय." तिनं मान वर केली. "का माझंबी डोळं आजच गेलं?"

रुद्रप्पा खाली फरशीवरच बसला. मग एकदम उठला, आतून बॅटरी आणली, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून खालच्या भिंगाचं शटर उघडं ठेवलं आणि मागून बॅटरीचा झोत टाकला. भिंगाच्या आत, जिथं त्याचं फडकं कधी पोचलंच नसतं, तिथं कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरले होते. वरच्या भिंगातही तेच.

"बुरशी," तो म्हणाला. "बुरशी हाय गं ही!" आणि बुरशी बघून आजवर कुणी झालं नसेल इतका तो खूश झाला. डोळ्यांतून पाणी मात्र थांबेना.

शेजारच्या गल्लीतले मकबूलभाई घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी डोळ्याला भिंग लावून कॅमेरा न्याहाळला.

"खोल्या तो कांच फूटेगा भी, रुद्रप्पा. बाद में मेरेकू बोलने का नै."

"फुटू द्या," रुद्रप्पा म्हणाला. मकबूलभाईंनी चमकून त्याच्याकडं बघितलं.

वरच्या भिंगाला धरून ठेवणारी गोल कडी सहज फिरली. खालची हलेना. तेलाचा थेंब सोडून तासभर थांबावं लागलं. मग ती एकदाची कुरकुरत सुटली. रुद्रप्पानं कानात घालायचं फसफसणारं औषध आणि अमोनियाचे दोन थेंब वाटीत एकत्र केले. काडीला कापूस गुंडाळून मकबूलभाईंनी हलक्या हातानं, मधून कडेला असं पुसत नेलं. धागे विरघळले. काठाशी दोनतीन पुसट ओरखडे तेवढे राहिले. तिथली काच बुरशीनं खाल्ली होती.

"ये नै जाने का," मकबूलभाई म्हणाले.

"राहू द्या. फोटोत यायचं न्हाय ते."

लिंबाचा फोटो काढून त्याच संध्याकाळी फिल्म धुतली. डार्करूममधून रुद्रप्पा ओली पट्टी दोन बोटांत धरून बाहेर आला आणि त्यानं ती खिडकीच्या उजेडात धरली. लिंबाचं पान नि पान वेगळं होतं. चामड्याची पेटी त्यानं उकिरड्यावर टाकली. कॅमेरा त्या दिवसापासून काचेच्या कपाटात, उन्हाच्या बाजूला राहू लागला.

एवढ्यावर दाक्षायणीचं समाधान झालं नाही. "सासऱ्यांचं गेलंय म्हणल्यावर दाखवायला पाहिजेच," असं म्हणून तिनं त्याला सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी औषध घालून, झोत टाकून दोन्ही डोळे आतपर्यंत तपासले. काचबिंदूचं नाव नव्हतं. "चाळिशी लागलीय, दुसरं काही नाही. वडिलांचं आहे, तर वर्षाला एकदा दाखवून जात जा."

दवाखान्याबाहेर टळटळीत ऊन होतं. औषधानं बाहुल्या मोठ्या झालेल्या. टांगे, सायकली, माणसं सगळं एकमेकांत कालवून गेलं होतं. रुद्रप्पाला समोरची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती.

"काय दिसतंय का?" दाक्षायणीनं त्याचा हात धरत विचारलं.

"कायबी न्हाय!" रुद्रप्पा मोठ्यानं हसत म्हणाला, आणि तिच्या हाताला धरून भर रस्त्यातून चालू लागला.