मर्जानचा तोबरा

मित्रांनो, घोड्याचा श्वास आतून कसा जाणवतो, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असणार? मला ठाऊक आहे. मी घोड्याच्या तोंडाला बांधायचा एक जुना तोबरा, दाण्याची पिशवी आहे, आणि माझं अर्धं आयुष्य त्या ऊबदार श्वासात पेंगण्यात गेलं.

समुद्रकाठच्या अझम्मूर शहराजवळच्या आमच्या गावात रुकियाने मला विणलं, स्वतःच्या लग्नासाठी, काळ्या-पांढऱ्या लोकरीतून. तिचा नवरा बूशाइब तबूरिदा खेळायचा. बारा स्वार एका रांगेत घोडे उधळतात आणि बारा बंदुकांचा बार एकदम उडवतात. त्याचा तांबूस घोडा मर्जान रांगेच्या मध्यभागी असायचा. जत्रेहून आला की तो माझ्यात तोंड खुपसून जव खायचा, आणि त्या कुरकुर आवाजात मला समुद्र ऐकू यायचा.

जत्रेला निघणाऱ्या घोड्याला घरटी ओंजळभर नवे जव घालायची आमच्याकडे रीत आहे. ओंजळ परत पाठवणं म्हणजे त्या घराचा अपमान. त्या वर्षी पीक उदंड आलं होतं. चाळीस घरांच्या ओंजळी दोन दिवसांत माझ्यात रिकाम्या झाल्या. "काय भरदार तोबरा आहे, नजर न लागो!" बायका म्हणायच्या, आणि मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी मर्जान पाऊल टाकीना. पुढचे पाय लांब सोडून, सगळा भार मागे घेऊन तो नुसता थरथरत उभा होता. खुरं तापली होती.

"नजरच लागली," बूशाइब म्हणाला.

जनावरांची डॉक्टर नझहा हिने खुरावर हात ठेवला, खुरावरची नाडी पाहिली. "नजर नाही काका, जव लागले. खुराच्या आत सूज आहे. आतलं हाड खाली सरकलं, तर याला कायमचं निजवावं लागेल."

तिने वेदनेचं औषध दिलं, पायांखाली मऊ वाळू पसरायला लावली. "जव बंद. हिरवा लसूणघासही बंद. वाळलं गवत तासभर पाण्यात भिजवा, त्यातली साखर उतरेल. ते पाणी फेकून द्या. गवत तोलून द्या, थोडं थोडं, दिवसभर. उपाशी मात्र ठेवू नका. धुऊन गेलेले क्षार या पुडीने भरून निघतील."

"म्हणजे माझ्या वाघाला ओलं गवत आणि वर मसाला!" बूशाइब उसळला. "पोरी, माझ्या बापाने घोडे जवावरच पोसले."

"ते घोडे दिवसभर नांगराला असायचे. हा वर्षभर सावलीत उभा राहतो आणि चाळीस घरांचं खातो. आणि पूड म्हणजे जादू नाही हं काका. जव चालू ठेवलेत, तर ती मातीत गेली म्हणून समजा."

मला खुंटीला टांगलं. मर्जान माझ्याकडे बघून हळूच खिंकाळायचा. बूशाइबला ते बघवेना. रुकिया गाय पिळायला गेली की तो मला उतरवून दोन मुठी जव टाकायचा. "खा राजा, तिला सांगू नकोस." मी काय करणार? तोबऱ्याला तोंड मिटता येत नाही.

दहाव्या दिवशी मर्जान आडवा झाला, तो उठेना. डॉक्टर खाली मान घालून म्हणाली, "शुक्रवारपर्यंत वाट पाहू. तोवर उठला नाही, तर निजवावं लागेल."

रुकियाला माझ्या शिवणीत जवाचं टरफल सापडलं.

"अहो, तुम्ही त्याला मारताय."

"तो माझ्याकडे बघतो गं," बूशाइब म्हणाला. "मी काय करू?"

ती कात्री घेऊन बसली. जिने मला विणलं, तिनेच मला कापायला घेतलं. तिने मला बोटभर रुंदीची पुष्कळ भोकं पाडली आणि प्रत्येकाच्या कडा काजासारख्या शिवून घेतल्या. मग भिजवलेलं गवत माझ्यात भरून मला मर्जानच्या तोंडापाशी ठेवलं. तो एकेक काडी ओढायचा. एका जेवणाला अर्धा दिवस लागायचा. ओल्या गवताच्या वासात मला कितीतरी दिवसांनी पुन्हा पेंग येऊ लागली.

गुरुवारी सकाळी मर्जान उठून उभा राहिला. बूशाइब धावत आला. आनंदात काही सुचेना, सवयीने मूठभर जव माझ्यात ओतले. दाणे भोकांतून सरळ खाली सांडले आणि कोंबड्या जमल्या. एका काजातून बूशाइबने बोट घातलं आणि बाहेर काढलं. मग मर्जानच्या मानेला डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

मर्जान आता रांगेत धावत नाही. अंगणात सावकाश चालतो, तेवढं पुरे आहे.

मित्रांनो, मला कुणी आता भरदार म्हणत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. तुमच्या दारी एखादं मुकं जनावर असेल, तर त्याच्या डोळ्यांकडे बघून वाढण्याआधी एकदा त्याच्या पायांकडे बघा.