निळ्या शेपटीचे उंदीर

रोशनीला त्या सकाळी धड चहाही गेला नव्हता. कामठीहून प्रयोगशाळेकडे शेअर ऑटोत बसल्यापासून डोक्यात एकच विषय: आज उंदीर काय करतील?

काल तिने पांढऱ्या उंदरांना धडा दिला होता. उजेडातून अंधाऱ्या कप्प्यात शिरलं की पायाला झटका. मुद्दामच हलका, आठवण जेमतेम राहावी इतका. त्यानंतर लगेच पेप्टाइडचं, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याचं, इंजेक्शन दिलं की तीच आठवण घट्ट बसते, हे जुन्या प्रयोगांतून माहीत होतं. पण मेंदूच्या कोणत्या भागामार्फत? रोशनीला अमिग्डालाचा संशय होता. बदामाच्या आकाराचा, भीतीची दखल घेणारा तो भाग. इंजेक्शनं तिच्या सहकाऱ्याने, प्रशिकने दिली होती आणि गटागटाने शेपट्या रंगवल्या होत्या; फक्त नुसतं मिठाचं पाणी टोचलेले साधे उंदीर बिनरंगी ठेवले होते. कोणता रंग कशाचा, हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. तिची नजर पक्षपाती होऊ नये म्हणून.

चाचणी सुरू झाली. बिनरंगी उंदीर थोडे घुटमळले आणि अंधारात शिरले. लाल शेपटीवाले मात्र उजेडातच बसून राहिले. दार उघडं असूनही हलेनात! निळे बिनरंग्यांसारखे. हिरवेही तसेच.

शेवटचा उंदीर पिंजऱ्यात जाताच रोशनी बाहेर धावली.

"लाल म्हणजे नुसतं पेप्टाइड ना? आन् निळे? सांग ना गा!"

"थांब वं, श्वास तं घे," प्रशिक हसला. "निळ्यायलेबी पेप्टाइडच देल्लं. पण आधी अमिग्डाला बधिर केला होता."

रोशनीने टाळीच वाजवली. तेवढ्यात मागून तिच्या मार्गदर्शक अरुंधती मॅडम म्हणाल्या, "घाई नको. बधिर केल्यानेच आठवण कमी झाली असेल तर? पेप्टाइडने वाढवली, बधिरतेने घटवली. मग तू काय सिद्ध केलंस?"

रोशनीचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. ती गर्रकन प्रशिककडे वळली.

"हिरवे?"

"बधिर केलेले. पेप्टाइड नाही."

"मॅडम!" तिचा आवाज चिरकला. "हिरव्यांना साध्या उंदरांइतकंच आठवत होतं! बधिर केल्याने आठवण घटलीच नाही. फक्त पेप्टाइडचा जोर गेला. तो अमिग्डालातूनच चालतो!"

मॅडम काचेतून हिरव्या शेपट्यांकडे बघत राहिल्या. मग सावकाश हसल्या. "छान. आता नव्या उंदरांवर पुन्हा कर. पुन्हा असंच आलं, तर मीही टाळ्या वाजवीन."

रोशनीने व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला. मीराबाई पॉवरलूमवर होती. मागाच्या खडखडाटात तिला काही ऐकू येईना.

"काहून वरडून राहिली वं?"

"आई, भेटली! मेंदूतली जागा भेटली मले!"

"कोनाच्या मेंदूतली?"

"उंदराच्या!"

खडखडाटावर मीराबाईचं हसू ऐकू आलं. "मंग मानसाची कवा?"

"त्याले टाइम लागंल आई," रोशनी म्हणाली, आणि स्वतःशीच हसत नवे उंदीर मागवायला आत पळाली.