बुटांच्या जागी बांधलेला चेंडू

मी चेंडू बोलतोय, बास्केटबॉलचा. आठ चामडी तुकडे, वर दोरीने आवळलेलं तोंड. कौनासच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या झिग्मासने मला घेतलं ते १९३९च्या मे महिन्यात, लिथुएनियाने लात्वियाला एका गुणाने नमवलं त्याच आठवड्यात. हा खेळ अमेरिकेहून परतलेल्या आमच्याच माणसांनी रुजवलेला, आणि आता युरोपात आम्ही पहिले! माझा तोरा काय विचारता!

वर्षभरात रशियाचे रणगाडे आले नि देशच गेला. त्यापुढच्या जूनमध्ये एका पहाटे शिपाई दारात उभे. सामान बांधायला अर्धा तास दिला.

झिग्मासने पोत्यातून आठ वर्षांच्या लेकीचे, दांगुओलेचे, लोकरी बूट काढले आणि मला कोंबलं.

"अरे, डोकं फिरलंय का तुझं?" बायको तेक्ले ओरडली.

"जूनमध्ये बूट कशाला? नेतील तिथे आपलीच माणसं असणार. चार जण जमले की खेळ होणारच!"

असली चूक आमचाच माणूस करू जाणे.

स्टेशनवर पुरुषांना वेगळ्या डब्यात घातलं, कैद्यांच्या छावणीत न्यायला. पोतं तेक्लेकडे राहिलं.

आम्हाला नेलं सैबेरियातल्या आल्ताईच्या जंगलात; तिथे ऑक्टोबरातच बर्फ पडला. दांगुओलेच्या पायांना नुसत्या चिंध्या. शेजारची म्हातारी मोर्ता डाफरायची, "अगं बाई, फाड की तो चेंडू! पोरीला पायताण होईल."

"त्याचा आहे तो. आल्यावर मागेल."

मला कापायचं म्हणजे तो येणार नाही हे कबूल करायचं. तिला ते होईना. आणि मी? सांगायला लाज वाटते, मनातून खूश होतो.

डिसेंबरात पोरीच्या पायाची बोटं काळी पडली. मग तेक्लेने सुरी घेतली. शिवताना रडली नाही, शिव्या देत होती. झिग्मासला, मला, स्वतःला. पायताणं नीट बसली, पण डाव्या पायाची बोटं गेली ती गेलीच.

यंदा सप्टेंबरात झिग्मासच्या छावणीतल्या सोबत्याची चिठ्ठी आली. झिग्मास मागच्या नोव्हेंबरातच वारला होता. तेक्लेने ती वाचली आणि चुलीत घातली.

काल दांगुओलेने विचारलं, "आई, चेंडू फाडला म्हणून बाबा रागावतील का गं?"

"रागावू दे," तेक्ले माझी नाडी बांधत म्हणाली. "मी बघते त्याच्याकडे."

माझे टाके उसवलेत, तळ फाटलाय. हा हिवाळा माझ्याच्याने निघायचा नाही. कुणाकडे जुने बूट असतील तर द्या हो पोरीला. डावा आखूड असला तरी चालेल.